सोळा साती बारोदरसे



ह्या अंकासाठी मी मलिद्याची रेसिपी लिहून देईन, असं कबूल केलं होतं. मलिदा ह्या लेखात आहे, पण त्यात गणित मिसळलं गेलं आहे. त्याला कारण माझी नात. ती कीता गिमेलमध्ये, म्हणजे आपल्या तिसरीत आहे. दर मंगळवारी शाळा सुटली की ती आमच्याकडे अश्दोदला येते, जेवते आणि शिउरे बायित, म्हणजे घरचा अभ्यास, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर करते. ज्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही, त्यांच्या आजी-आजोबांनी हा लेख मोठ्याने वाचून दाखवावा. जवळ चौकटींची वही आणि पेन्सिल असू द्या, मध्ये लागेल.

एका मंगळवारी ती आली ती दप्तर सोफ्यावर फेकूनच. जेवली नाही. "आजी, माझ्या डोक्यात खेश्बोन जात नाय," असं म्हणाली आणि परीक्षेचा कागद माझ्यापुढे ठेवला. खेश्बोन म्हणजे हिशेब, गणित. कागदावर लाल रेघा होत्या. मी चष्मा लावून पाहिलं. ७ × १६, उत्तर ७६. खाली ४ × २३, उत्तर ८३. आणखी तीन-चार गणितं अशीच.

आमचे हे बाजूला बसून चहा पीत होते. त्यांनी कागदाकडे नुसतं पाहिलं आणि निकाल दिला, "पाढे पाठ नाहीत. दुसरं काय?"

आमच्या पिढीत ह्या निकालावर अपील नव्हतं. वाचकांत जे सत्तरी-ऐंशीच्या पुढचे आहेत त्यांना आठवत असेल. संध्याकाळी दिवे लागले की ओट्यावर बसून उजळणी. बे एके बेपासून सुरुवात, तीसपर्यंत पाढे, त्याच्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन, हे आता माझ्या मुलांनाही माहीत नाही. आमचे हे अजून सवायकी बिनचूक म्हणतात. त्यांचं म्हणणं, पाढा एकदा जिभेवर बसला की डोक्याला त्रास नाही.

मग त्यांनी नातीला सोळाचा पाढा शिकवायला घेतला, तोही मराठीत. सोळा एके सोळा, सोळ दुणे बत्तीस. पोरीचा गळा गोड आहे, तिला ते गाण्यासारखं वाटलं. "सोळा साती बारोदरसे" ह्या ओळीला ती हसायची आणि टाळी वाजवायची. पुढच्या मंगळवारपर्यंत पाढा पाठ झाला. हे खूष. शाळेतही ७ × १६ पुन्हा आलं तेव्हा तिने ११२ लिहिलं. मोराने विचारलं, कसं काढलंस? ही म्हणाली, सबाने सांगितलं.

मी घरी तिला ७ × २६ घातलं. तिने थोडा वेळ विचार केला आणि लिहिलं, १४६. सात गुणिले वीस, एकशे चाळीस. त्यात सहा मिळवले. म्हणजे पाढा पाठ झाला होता आणि दुखणं होतं तिथेच होतं. सव्वीसचा पाढा शिकवून सव्वीसचं भागेल, मग छत्तिसाचं काय? शेहेचाळिसाचं काय?

आता मी तुम्हांला एक गोष्ट सांगते, जी मी घरात कुणाला सांगितली नव्हती. तिच्या कागदावरचं ४ × २३ = ८३ पाहिलं तेव्हा माझ्या पोटात कसंसंच झालं. ते त्र्याऐंशी मी आधी पाहिलं होतं.

१९७१ साली आम्ही इथे आलो, त्याआधी मी मुंबईत एका मराठी शाळेत शिकवत होते. १९६६ सालची गोष्ट. माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. एका मुलाने पाटीवर हेच लिहिलं होतं, तेवीस चोक त्र्याऐंशी. मी त्याला हात पुढे करायला सांगितला आणि फूटपट्टीच्या दोन दिल्या. तो म्हणत होता, "बाई, मी विसाला चार वेळा घेतलं ना." मी ऐकून घेतलं नाही. तेवीसचा पाढा दहा वेळा लिहून आण, म्हणून सांगितलं. त्याने आणला. स्वच्छ अक्षरात, एकही चूक नाही. पुढच्या आठवड्यात ४ × ३२ ला त्याने १२२ लिहिलं. तीस चोक एकशे वीस, आणि दोन.

तो मुलगा वेंधळा नव्हता, हे मला साठ वर्षांनी माझ्या नातीच्या कागदावर दिसलं. त्याने तेविसाचे वीस आणि तीन असे तुकडे केले होते, जे मी त्याला कधी शिकवलंच नव्हतं. त्याने ते स्वतःच्या बुद्धीने केले होते. अर्धं काम अगदी बरोबर होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी मी त्याला मारलं आणि ते अर्धं कोणतं, हे सांगितलंच नाही. आज तो कुठे आहे, माहीत नाही. तोही आता सत्तरीला आला असेल.

तर नातीच्या मोराने जे शिकवलं होतं त्याचं नाव खोक हापिलूग. खोक म्हणजे कायदा, नियम. पिलूग म्हणजे फूट, तुकडे पडणं. राजकीय पक्ष फुटला की इथल्या रेडिओवर हाच शब्द ऐकू येतो. मराठी पुस्तकांत ह्याच नियमाला वितरण गुणधर्म म्हणतात. वितरण म्हणजे वाटप. मी दोन्ही नावं कागदावर लिहून बराच वेळ पाहत बसले. नियम एकच, पण हिब्रू नावात तोडणं आहे आणि मराठी नावात वाटणं आहे. माझी नात तोडायला शिकली होती. वाटायचं राहून जात होतं.

हे तिला सांगून कळलं नसतं. पण त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या दिराच्या मुलाकडे नवीन घराचा मलिदा होता आणि ताटं लावायचं काम माझ्याकडे आलं. पोहे धुऊन निथळत ठेवले, नारळ खवला, साखर आणि वेलची घातली. सात टेबलं, म्हणून सात ताटं. प्रत्येक ताटात मलिद्याच्या भोवती दहा खजूर आणि सहा केळ्याचे काप लावायचे असं मी ठरवलं. (सफरचंद, संत्रं वगैरे बाकीची फळं मधल्या मोठ्या ताटात जाणार होती, त्यांचा इथे हिशेब नको.) नातीला मदतीला घेतलं.

"सात ताटं, प्रत्येकात सोळा जिन्नस. एकंदर किती लागतील?"

तिने हवेत बोट फिरवलं. "सात गुणिले दहा, सत्तर. आणि सहा. शहात्तर."

मी काही बोलले नाही. तिला म्हटलं, चल, तुझ्या हिशेबाने लाव. सत्तर खजूर मोजून दिले, आणि केळ्याचे सहा काप. तिने सातही ताटांत दहा दहा खजूर लावले. मग पहिल्या ताटात सहा काप ठेवले. मग हातात काही उरलं नाही. ती दुसऱ्या ताटापाशी उभी राहिली.

"आजी, केळी?"

"तुझ्या हिशेबात एवढीच आहेत ग. बाकीच्या सहा टेबलांनी पहिल्या टेबलाकडे बघत बसायचं का?"

ती आधी हसली. मग गप्प झाली. मग म्हणाली, "प्रत्येक ताटाला सहा पायजेत. सात वेळा सहा. बेचाळीस." आणि थोडं थांबून, "सत्तर आणि बेचाळीस. मेआ श्तेम एस्रे." म्हणजे एकशे बारा. आणि मग एकदम ओरडली, "बारोदरसे!"

आतून आमच्या ह्यांनी विचारलं, काय सांडलं?

बालमित्रांनो, इथे जरा थांबा आणि वहीत आकृती काढा. एका ओळीत १६ चौकटी, अशा ७ ओळी. झाला एक लांबट आयत. त्यात एकंदर किती चौकटी आहेत ते एक एक करून मोजू नका. दहाव्या चौकटीनंतर वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ मारा. डावीकडे ७ ओळी आणि प्रत्येकीत १०, म्हणून ७०. उजवीकडे ७ ओळी आणि प्रत्येकीत ६, म्हणून ४२. रेघ पूर्ण खालपर्यंत गेली पाहिजे. माझ्या नातीच्या पहिल्या उत्तरात उजवीकडची फक्त पहिली ओळ मोजली होती, खालच्या सहा ओळी तशाच राहिल्या होत्या. ११२ मधून ७६ वजा करा, ३६ उरतात. सहा ओळी, प्रत्येकीत सहा. चुकलेलं उत्तरसुद्धा आपण कुठे चुकलो ते सांगतं, फक्त विचारलं पाहिजे.

लिहून दाखवायचं तर ७ × १६ = ७ × (१० + ६) = ७ × १० + ७ × ६. पण हे सगळ्यांत शेवटी लिहावं, असं माझं मत झालं आहे. आधी ताटं, मग चौकटी, मग कंस. आमच्या वेळी कंस आधी यायचा आणि ताटं कधी यायचीच नाहीत. आणखी एक गंमत पाहा, इथल्या वहीत मुलं अक्षरं उजवीकडून लिहितात आणि आकडेमोड डावीकडून. कंस लिहिताना नात मध्येच दिशा विसरते. तिला मी दोष देत नाही, मला अजून चेकवर सही कुठून सुरू करायची ते आठवावं लागतं.

रेघ दहावरच मारायची असं काही नाही. नातीने पुढच्या वेळी ती आठवर मारली, ५६ आणि ५६, पुन्हा ११२. मग पंधरावर मारली, १०५ आणि ७. मग तिला नाद लागला, कुठेही मारून बघायची. उत्तर हलत नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पाहण्यासारखा होता. आपल्या लोकांना तर दहाच्या बाहेर तोडायची सवय आहेच. हिब्रू अक्षरांनी तारीख लिहिताना पंधरा कसे लिहितो? दहा आणि पाच नाही लिहीत, कारण युद आणि हे ही अक्षरं एकत्र आली की देवाचं नाव होतं. म्हणून तेत आणि वाव, नऊ आणि सहा. तू बिश्वात म्हणतो तो हाच तू, शेवात महिन्याची पंधरावी. आता १५ × ६ करा. नऊ सक चोपन्न, सहा सक छत्तीस, मिळून नव्वद. दहा आणि पाचाने करा, साठ आणि तीस, नव्वदच. दुसरं सोपं पडतं हे खरं, पण पहिलं खोटं नाही.

कुठे तोडलं तर सोपं पडेल, हे ओळखणं ही पुढची पायरी. ह्यात इथल्या मुलांना भाषेची मदत आहे. हिब्रूत बहात्तर म्हणताना शिवईम उश्तायिम म्हणतात, सत्तर आणि दोन. म्हणजे नाव घेता घेताच आकडा तुटतो. आपल्या मराठीत बहात्तर, त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर, प्रत्येकाचं वेगळं बारसं झालेलं. शंभरपर्यंत सगळी नावं पाठ करावी लागतात. माझ्या सुनेने लग्नानंतर मराठी शिकायचा प्रयत्न केला तेव्हा ती ह्याच ठिकाणी दमली.

पण मराठीकडे एक गोष्ट आहे जी हिब्रूकडे नाही. एकोणीस. एक ऊन वीस, विसाला एक कमी. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, सगळी त्याच घरची. १९ × ६ करायचं आहे ना? नावातच सांगितलंय काय करायचं. वीस सक एकशे वीस, त्यातून सहा काढा. एकशे चौदा. नातीने पहिल्यांदा एकशे वीसमधून एकच काढला, ११९. पुन्हा तेच दुखणं. "सहा ताटांतून एकेक काप उचलायचा आहे," असं म्हटलं तेव्हा तिने स्वतःच खोडून ११४ लिहिलं. देताना सगळ्यांना द्यायचं, तसं काढतानाही सगळ्यांकडून काढायचं.

आणि बारोदरसे! पाढ्यातला हा शब्द आम्ही लहानपणी मंत्रासारखा म्हणत होतो. तो आहे बारोत्तर शे. शंभर, आणि वर बारा. शब्दाच्या आतच बेरीज बसलेली आहे. हे मी आमच्या ह्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मला माहीत होतं." त्यांना माहीत नव्हतं.

त्यांचा राग काही एवढ्यावर गेला नाही. "हे नवीन फॅड आहे, तोडा आणि जोडा. आम्ही असं कधी केलं नाही." मग मी त्यांना जुन्या पैशांत नेलं. १९५७ साली नवे पैसे आले, त्याच्या आधी रुपयाचे सोळा आणे होते. सात वार कापड, वाराला एक रुपया सहा आणे, किती झाले?

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "नऊ रुपये दहा आणे."

"कसं काढलंत?"

"सात रुपये. सात सक बेचाळीस आणे, म्हणजे दोन रुपये दहा आणे. नऊ रुपये दहा आणे."

"तुम्ही रुपये वेगळे केलेत, आणे वेगळे केलेत, आणि सात दोघांनाही दिलेत."

ते काही बोलले नाहीत. चहा मागितला.

त्यांची लाडकी सवायकीसुद्धा तशीच आहे. सव्वा आठे दहा, म्हणजे आठ, आणि आठाचे पाव दोन. दीडकी घ्या, आठ आणि चार, बारा. औटकी घ्या, तीन आठे चोवीस आणि अर्ध्याचे चार, अठ्ठावीस. आमच्या आयांना शाळा फारशी मिळाली नव्हती. पण तेलवाल्याशी आणि कोळणीशी त्या बोटांवर हिशेब करायच्या तो हाच. नाव माहीत नव्हतं एवढंच.

नवीन फॅड म्हणाल तर किती नवीन? भास्कराचार्यांची लीलावती ११५० सालातली. त्यात १३५ गुणिले १२ असं एक उदाहरण आहे आणि ते अनेक रीतींनी सोडवलेलं आहे. एका रीतीत बाराचे आठ आणि चार असे तुकडे केले आहेत, १०८० आणि ५४०, मिळून १६२०. दुसऱ्या रीतीत बाराऐवजी वीस घेतले आणि मग आठपट वजा केली, २७०० मधून १०८०, पुन्हा १६२०. म्हणजे आपली एकोणिसाची युक्ती. त्याच्याही सुमारे दीड हजार वर्षं आधी ग्रीक युक्लिडच्या ग्रंथातल्या दुसऱ्या भागात पहिलंच विधान आयत तोडण्याचं आहे. नातीने चौकटींच्या वहीत काढलं तेच, फक्त तिच्यासारखी पेन्सिल चावून नाही.

वाचकांपैकी काही जण म्हणतील, मग पाढे नकोत का? हवेत. सात सक बेचाळीस पाठ नसेल तर तोडून काय हातात येणार? दहापर्यंतचे पाढे, म्हणजे इथला लूआख हाकेफेल, झोपेतून उठवलं तरी आला पाहिजे, ह्या बाबतीत मी आमच्या ह्यांच्या बाजूची आहे. पण दहाच्या पुढे मुलाला तोडायला शिकवा आणि वाटायला शिकवा. तेवीसचा पाढा ज्याला हौस असेल त्याने करावा.

मुलं थोडी मोठी झाली की दोन आकडी गुणिले दोन आकडी येतं. १४ × २३. आम्ही काय करत होतो? २३ ला ४ ने गुणलं, ९२. खालच्या ओळीत उजवीकडे एक फुली मारली, मग २३ ला १ ने गुणून २३ लिहिले, बेरीज ३२२. ती फुली का मारायची, हे मी आठ वर्षं शिकवताना एकाही मुलाने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तो एक खरं म्हणजे दहा आहे. २३ ला दहा वेळा घेतलं, २३०, त्यातलं शून्य झाकायला फुली. चौकटींच्या वहीत १४ ओळी आणि २३ रकाने काढा, एक रेघ उभी आणि एक आडवी मारा, चार तुकडे पडतील. २००, ३०, ८० आणि १२. मिळून ३२२. सगळा गुणाकार उघडा दिसतो. मुलं दोनच तुकडे मोजतात, दहा गुणिले वीस आणि चार गुणिले तीन, २१२ लिहितात. कोपऱ्यातले दोन तुकडे उपाशी राहतात. हीच चूक पुढे बीजगणितात येते आणि तिथे फार महाग पडते. माझा मोठा नातू आता सैन्यात आहे, तो शाळेत असताना अक्षरांचे कंस सोडवायला बसला की नेमका इथेच अडकायचा.

दोन ठिकाणी सांभाळावं लागतं. कंसात बेरीज किंवा वजाबाकी असेल तरच वाटप करायचं. ५ × (२ × ३) असेल तर पाच दोघांना द्यायचे नाहीत. उत्तर तीस आहे, दोघांना दिलेत तर दीडशे होतील. आणि भागाकारात ज्याला भागायचं तो आकडा तोडता येतो, ज्याने भागायचं तो नाही. ५६ भागिले ४ करताना ५६ चे ४० आणि १६ करा, दहा आणि चार, चौदा. पण २४ भागिले ६ करताना सहाचे दोन आणि चार केलेत तर बारा आणि सहा अठरा येतील, खरं उत्तर चार. खाऊ तोडता येतो, खाणारी माणसं तोडता येत नाहीत, असं मी नातीला सांगितलं. ते तिने मैत्रिणीला हिब्रूत सांगितलं आणि त्या मैत्रिणीच्या आईचा मला फोन आला, तुम्ही मुलांना काय सांगता म्हणून.

दुकानात रोज सराव होतो. काकडी किलोला ७ शेकेल ९० अगोरोत, सहा किलो घेतली. आठ सक अठ्ठेचाळीस, आणि प्रत्येक किलोमागे दहा अगोरोत परत, म्हणजे साठ. ४७ शेकेल ४० अगोरोत. सुपरमधल्या मुलीने मशीनवर टिचकी मारायच्या आधी नात मोठ्याने सांगते. एकदा चुकली, अठ्ठेचाळीसमधून दहाच अगोरोत काढले, आणि मशीनने वेगळं दाखवलं तेव्हा स्वतःच म्हणाली, "ओय, केळी."

"केळी" हा आता आमच्या घरात ह्या चुकीचा शब्द झाला आहे. तिच्या वहीत तीन-चार ठिकाणी समासात लहान केळं काढलेलं मी पाहिलं. मोराला त्याचा अर्थ कळला असेल असं वाटत नाही.

मलिद्याच्या दिवशी शेवटी एकशे बारापेक्षा जास्त जिन्नस लागले, कारण दिराच्या मुलाने न सांगता आठवं टेबल लावलं होतं. मी कपाळावर हात मारला. नात म्हणाली, "आजी, सोळाच वाढव ना." एकशे अठ्ठावीस. काप तिनेच केले.

आता बालमित्रांसाठी तीन गणितं, नातीने निवडलेली. कॅल्क्युलेटर नको.

पहिलं. अंड्यांच्या मोठ्या तब्नीतमध्ये ५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ६ खळगे असतात. आजीने अशा १२ तब्नीत आणल्या. अंडी किती? बारा दोन प्रकारे तोडून दाखवा.

दुसरं. २९ × ७. आधी मराठीत २९ हा आकडा मोठ्याने म्हणा, मग सोडवा.

तिसरं. एका मुलाने २५ × ९ करताना २५ × १० = २५० केलं, त्यातून १ काढला आणि उत्तर २४९ लिहिलं. त्याची केळी कुठे राहिली?

उत्तरं पुढच्या अंकात. मलिद्याची रेसिपीही, नक्की.